दादामियाँची पाठ

मेलेल्या माणसाचं भलं करायला जाऊ नये, असं माझं आता मत झालंय. जिवंतपणी करायचं राहिलं ते राहिलं. मागाहून हार घेऊन धावलं की पाय घसरतोच. आमचा घसरला, आणि एकट्यादुकट्याचा नव्हे, मार्केट यार्डातल्या अख्ख्या हमाल युनियनचा. मी या युनियनचा अध्यक्ष, बलभीम. वय मला विचारू नका, माझ्या गुडघ्यांना विचारा. अध्यक्ष व्हायची हौस मला कधीच नव्हती. दादामियाँ गेला, त्याची खुर्ची रिकामी झाली, आणि जवळ जो उभा होता त्याला धरून लोकांनी तिच्यावर बसवलं.

दादामियाँ मूळचा तेरचा. मी बेंबळीचा. दोघंही मिसरूड फुटायच्या आधी एसटीत बसून धाराशिवला आलो आणि एकाच टोळीत लागलो. तेव्हा गोणी म्हणजे क्विंटलाची. दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायची, आणि त्यानं ती फळीवरून चढून थप्पीच्या माथ्यावर टाकायची. आडत्या गादीवर बसून 'चला, चला' म्हणायचा. म्हणायला काय जातं! आमची पाठ अशी तयार झाली की तरणी पोरं असताना आम्ही मागून म्हातारे दिसायचो. दादामियाँ तर सगळ्यांत जास्त वाकला, कारण दुसऱ्याच्या वाटणीची गोणीही तोच घ्यायचा. 'माझी पाठ गेलीच आहे, तुझी कशाला घालवतो,' असं त्याचं तत्त्वज्ञान.

युनियन त्यानंच बांधली. संप केला, तो एवढा लांबला की यार्डात गवत उगवलं आणि बाभळीखाली शेरडं चरायला लागली. घराघरांतून आम्हाला शिव्या बसल्या, पण कुणी फुटलं नाही. त्या संपाच्या जोरावर तो पुढं अपक्ष उभा राहिला. मोठ्या पुढाऱ्यांनी आपसांत एकमेकांचे पाय ओढले, आणि दोघांच्या भांडणात आमचा हमाल आमदार झाला. एकदाच झाला. पुढच्या निवडणुकीला अनामतही गेली. लोक संपाला एक होतात, मताला होत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. अजून कळून काही उपयोग झालेला नाही.

पण त्या एका खेपेत त्यानं एक गोष्ट केली. गोणीच्या वजनाचा विषय सभागृहात निघाला होता. सगळे आकडे सांगत होते, अहवाल वाचत होते. दादामियाँची पाळी आली तशी त्यानं जाकीट काढलं, बाकावर ठेवलं आणि अध्यक्षांकडं पाठ करून उभा राहिला. बोलला काहीच नाही. अध्यक्ष म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी आसनाकडं पाठ करू नये. हा म्हणाला, 'अध्यक्ष महोदय, माझं भाषण तिकडंच आहे.' दुसऱ्या दिवशी विरोधकांनी उठवलं, दादामियाँ पाठ दाखवून पळाले. पण काही महिन्यांनी गोणी पन्नास किलोची झाली. आजची पोरं ती हसत हसत उचलतात आणि मोबाइलवर बोलत बोलत थप्पी लावतात. निम्मं वजन कुणी काढून घेतलं हे त्यांना सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी पाठीला ते कळत नाही. जे वजन कधी पाठीवर आलंच नाही, ते उतरल्याचं कसं कळणार?

तर असा दादामियाँ गेल्या वर्षी गेला. आणि युनियननं ठरवलं, यार्डाच्या दारात त्याचा पुतळा बसवायचा.

आता कुणीही म्हणेल, अरे, मुसलमान माणसाचा पुतळा? त्यांच्यात चालत नाही, एवढं तुम्हाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं! तीच तर गंमत आहे. आम्ही हिंदू हमाल मनात म्हणालो, चालत नसेल तर मुजम्मिल बोलेल. टोळीचा मुकादम आहे, त्यांच्यातला जाणता आहे. मुजम्मिल मनात म्हणाला, हे लोक एवढ्या मायेनं करतायत, आपण आडवं बोललो तर म्हणतील, दादामियाँ यांचाच का, आमचा नाही का. सभेत त्यानंही हात वर केला. सगळ्यांचे हात वर गेले. एकमेकांचं मन राखता राखता आम्ही ठराव पास केला, वर्गणी काढली आणि कारागिराला काम देऊन मोकळे झालो. भांडणाऱ्यांच्या हातून अशी चूक झाली नसती. ती आमच्यासारख्यांच्याच हातून होते.

ही चूक मला कळली ती सकिनाभाभीकडं पत्रिका घेऊन गेलो तेव्हा. सकिनाबी म्हणजे दादामियाँची बायको. दर्ग्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. माजी आमदाराचं घर विचारत आलेली माणसं बाहेरूनच परत जायची, हे नसेल म्हणून. माझी बायको द्वारका गेल्यापासून मी दुपारचं त्याच घरी जेवतो. दादामियाँ होता तेव्हा आम्ही दोघं जेवायचो, आता मी एकटा जेवतो आणि भाभी दाराशी बसून बोलते. या शहरात मला जायला तेवढं एक घर उरलंय.

तिनं पत्रिका वाचून घेतली. मग घडी करून टेबलफॅनच्या बुडाखाली ठेवली.

"बलभीमभाऊ, पुतळा नको."

"भाभी, लोकांची लई इच्छा हाय."

"लोकांची असंल. त्येंची न्हवती. आमच्यात बुत बसवत न्हाईत. त्यो माणूस उन्हात उभा ऱ्हायला, तुमी पुन्यांदा उन्हात उभा करताय? मातीत गेलाय, तिथं ऱ्हाऊ द्या."

मी मुंबईच्या पाहुण्यांचं सांगितलं. एक मोठे पुढारी अनावरणाला येणार होते, आणि त्याच मंडपात हमाल भवनाची घोषणा करणार होते. पक्की शेड, पिण्याचं पाणी, यार्ड झाडणाऱ्या बायकांना संडास. आजवर त्या बायका कुठं जातात ते विचारू नये. पुतळा नाही तर पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत तर भवन नाही. भाभीनं सगळं ऐकलं.

"म्या अडवणार न्हाय," ती म्हणाली. "बाई मानूस, कुणाकुणाला अडवू? पर त्यो बसला, तर तुमी माझ्या दारात येऊ नका. तुमचा राग न्हाय. पर यार्डाच्या दारात त्येंचं बाहुलं, आन माझ्या दारात त्ये बसवणारा मानूस, दोन्ही मला बघवायचं न्हाय."

मी ताटावरून उठलो नाही, एवढं खरं. समोरची भाकरी तेवढी संपवली. या वयात नवीन घर कुठं शोधायचं?

युनियनमध्ये हे सांगितलं. मुजम्मिल खाली बघत होता. बोलला तो बजरंग. बजरंग येरमाळ्याचा, तरणाबांड, तोंडाचा फाटका आणि कामाला वाघ. त्याची बायको शिवकन्या यार्डात झाडायला असते. भवनाची तळमळ त्याला का, ते सांगायला नको.

"अध्यक्ष, चाचीचं मन आमाला कळतंय. पर दादामियाँ यकट्या चाचीचे न्हाईत. आमचे बी हाईत का न्हाय? आन भवन झालं तर त्येंचंच नाव लागंल की! त्येनी काय मागितलं असतं? पुतळा न्हाय, पर भवन मागितलं असतं. पुतळ्याबिगर भवन मिळत न्हाय, तर बसवा पुतळा."

मला त्याचं पटत होतं. आणि भाभीचंही पटत होतं. मला या सगळ्याचा इतका शीण आला होता की वाटायचं, सरळ बेंबळीला जावं आणि देवळाच्या पारावर पडून राहावं. शेवटी भाभीच्या हातापाया पडलो. म्हणालो, निदान एकदा येऊन बघा. बघून नाही म्हणालात तर नाही. ती म्हणाली, "बरं."

अनावरणाच्या आदल्या दिवशी पुतळा टेंपोतून आला. यार्डात सोयाबीनची आवक चालू होती, जिकडं तिकडं ढीग, धूळ आणि लिलावाचा गलका. एका रिकाम्या गाळ्यापुढं आम्ही तो उतरवला. पितळेचा, कमरेपासून वरचा, वजनदार. टेंपोतून खाली घ्यायलाच सहा माणसं लागली. भाभी रिक्षातून आली. बुरखा, हातात काठी. दादामियाँ गेल्यापासून ती यार्डात पहिल्यांदा येत होती. लिलाव करणारेसुद्धा थांबले.

बजरंगनं पोतं ओढून काढलं, आणि मी बघतच राहिलो. दादामियाँ! तीच दाढी, डाव्या भुवईवरची तीच खोक, हसू दाबताना ओठ मुडपायची तीच सवय. कारागिराच्या हातात जादू होती. आमच्यातल्या कुणीतरी 'दादामियाँ जिंदाबाद' म्हटलं.

भाभी पुढून एक क्षणभरच बघत उभी राहिली. मग काठी टेकत टेकत वळसा घालून पुतळ्याच्या मागं गेली. पुतळा मागून कुणी बघत नाही. तिनं बघितला. बराच वेळ बघितला.

"हे कोन हाय?" तिनं विचारलं.

"भाभी, दादामियाँ," मी म्हणालो.

"तोंड त्येंचं हाय. पाठ कुणाची हाय?"

आम्ही सगळे मागं गेलो. पाठ सरळ होती. भिंतीसारखी सरळ. छाती पुढं, खांदे मागं, एखाद्या फौजदारासारखा ताठ. पुढून बघताना आम्हाला ते खटकलंच नव्हतं. पुतळे असेच असतात.

"चाची, म्याच सांगितलं हुतं कारागिराला," बजरंग म्हणाला. त्याच्या आवाजात अजून अभिमान होता. "युनियनच्या फोटुत लई वाकलेले दिसत हुते. म्हनलं, आमदार मानूस, ताठ पायजे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं मान वर करून बघावं."

"ताठ," भाभी म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासून ह्या मानसाला म्या उताणं झोपलेलं बघितलं न्हाय. पाठ टेकायची न्हाय जमिनीला. म्या रोज तेल लावायचे, रोज वाटायचं, आज जरा सरळ होईल. कबरीत मय्यतीला कुशीवर ठेवत्यात. म्या म्हनलं, तेवढं एक बरं झालं, त्येंना सवय हाय. आन तुमी सरळ केलात व्हय? पाठच काडून घेतली त्येंची?"

धर्माचं तिनं नावही काढलं नाही. ते काढलं असतं तर आम्हाला सोपं गेलं असतं. मान खाली घालून 'बरं' म्हणता आलं असतं. हे मात्र आमच्याच घरातलं होतं. ज्या पाठीनं आमची गोणी हलकी केली, ती पाठ आम्हालाच चारचौघांत दाखवायला लाजिरवाणी वाटली. मला तिथं उभं राहवेना.

पण बजरंग बजरंग आहे. तो लाल झाला, आणि मग म्हणाला, "झालं त्ये झालं, चाची. चुकलं आमचं. पर उद्या पाव्हणे येत्यात, मंडप उभा ऱ्हायलाय. भवन तरी पदरात पाडून घिऊ. तुमी अडवणार न्हाय म्हनला हुता."

"म्या अडवत न्हाय," भाभी म्हणाली आणि बाजूला झाली.

मी तेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं. अध्यक्ष म्हणून नाही तर दोस्त म्हणून. पण दोन्हीकडचं पटत असलं की माणूस मुका होतो.

चौथरा यार्डाच्या दाराशी, त्या गाळ्याला लागूनच. त्याच्यावर पुतळा ठेवायला क्रेन सांगितली होती, पण येरमाळ्याच्या घाटात ट्रेलर उलटला म्हणून ती तिकडं गेली होती. फोन लावला तर म्हणाले, आज काही खरं नाही. बजरंगला धीर कुठला! त्यानं शर्ट काढला, बारदाना दुमडून पाठीवर घेतला आणि चौथऱ्याच्या पायऱ्यांपाशी ओणवा झाला.

"घाला वर," तो म्हणाला.

पायऱ्या एकट्या माणसापुरत्याच होत्या, दोघं शेजारी मावले नसते. म्हणजे पाठ एकाचीच लागणार होती. मुजम्मिल म्हणाला, "बजरंग, येडा हाईस का? पन्नासच्या किती वर हाय ह्ये! युनियनचा नियम हाय आपला."

"आजच्या दिवस दादामियाँ माफ करत्याल. घाला."

सहाजणांनी पुतळा उचलला आणि बजरंगच्या पाठीवर दिला. हात लावून दोन्हीकडून धरून ठेवला, पण भार सगळा त्याचा. तो एकदम खाली गेला. मग उठला. मानेच्या शिरा दोरासारख्या झाल्या. पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. तो आवाज मी ओळखतो. क्विंटलाच्या गोणीखाली तो आम्हा सगळ्यांच्या घशातून यायचा. गोणी पन्नासची झाल्यापासून यार्डात मी तो ऐकला नव्हता.

मी वर बघितलं. खाली दुमडलेला बजरंग, आणि त्याच्या पाठीवर ताठ बसलेला दादामियाँ, ओठ मुडपून हसणारा. आडत्यांना, पुढाऱ्यांना, सगळ्या दुनियेला आम्ही आमच्या पाठीवर बसलेलं बघितलं होतं. दादामियाँला जन्मात पहिल्यांदा बघितलं.

"उतरवा!"

भाभी ओरडली. दर्ग्यामागच्या गल्लीत जिचा आवाज शेजारणीला ऐकू जात नाही, ती बाई भर यार्डात ओरडली.

"उतरवा त्येंना! त्या लेकराच्या पाठीवरनं उतरवा! त्येंना असं बसवू नका रे, त्येंना असं बसवू नका!"

मी धावलो. माझे गुडघे कसे धावले कुणास ठाऊक. सगळ्यांनी मिळून पुतळा खाली घेतला, बारदान्यावर आडवा ठेवला. बजरंग तसाच ओणवा राहिला, गुडघ्यांवर हात टेकून. त्याला लगेच सरळ होता येईना. भाभी त्याच्याजवळ गेली. हात पुढं केला, पण परक्या पोराच्या उघड्या पाठीला लावायचा कसा, म्हणून तो तसाच हवेत राहिला.

"लागलं का रे?"

"न्हाय चाची," बजरंग खालीच बघत म्हणाला. "काय न्हाय. सवय हाय."

"त्ये बी ह्येच म्हनायचे," ती म्हणाली.

तेव्हा बजरंग रडला. एवढा तोंडाळ माणूस, पण रडताना आवाज नाही. मुजम्मिलनं त्याचा शर्ट त्याच्या खांद्यावर टाकला. थोड्या वेळानं बजरंगनं तोंड पुसलं आणि मला म्हणाला, "अध्यक्ष, फोन लावा मुंबईला. पुतळा बसत न्हाय म्हनावं."

"आन भवन?"

त्यानं झाडणाऱ्या बायकांकडं बघितलं. शिवकन्या त्यांच्यातच खराटा धरून उभी होती. तिनं होय म्हणून मान हलवली.

"मागू की आपून," बजरंग म्हणाला. "संप करू. त्याबिगर काय मिळालंय आपल्याला?"

मी फोन लावला. पाहुण्यांच्या पीएनं विचारलं, पुतळ्यात काही दोष निघाला का? मी म्हणालो, दोष आमच्यात निघाला. त्याला ते समजलं नाही. कार्यक्रम नाही तर साहेब येणार नाहीत, आणि भवनाचं पुढं कधीतरी बघू, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. म्हणजे पुतळाही गेला, भवनही गेलं. आता पुन्हा निवेदनं, पुन्हा धरणं, आणि पुढं बसायला मीच. खरं सांगतो, मला आनंद वगैरे काही झाला नाही. फक्त दमल्यासारखं झालं. पुतळ्यावर पोतं झाकलं. कारागिराला निरोप दिला, क्रेन आली की परत पाठवतो, वितळवून दुसरं काहीतरी कर.

भाभीला रिक्षापर्यंत सोडायला गेलो. लिलाव पुन्हा सुरू झाला होता, कुणाला कुणाकडं बघायला वेळ नव्हता. ती रिक्षात बसली, काठी आडवी ठेवली.

"उद्या जेवायला या," ती म्हणाली.

मी मान हलवली. रिक्षावाल्यानं हँडल ओढलं, तेवढ्यात तिनं त्याला हातानं थांबवलं.

"बलभीमभाऊ, तोंड मातूर हुबेहूब केलं हुतं हो. तसंच हसायचे. घरात त्येंचा यक फोटो न्हाय. म्या डोळे भरून बघितलं, अल्ला माफ करो."

"कुठं बघितलं, भाभी? तुमी तर लगेच पाठीमागं गेलात."

"मंग काय करू? पुढं उभी ऱ्हायले असते, तर म्याच बसवा म्हनले असते."